बंगळुरूचे घर नागपुरात

शंकेखोर : प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत झाला, तेव्हा गोंदिया जिल्ह्यात रोवण्याची घाई होती. दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून आलेला माणूस रात्री टीव्हीपुढे बसून अनुपकुमारची चढाई पाहू लागला. हा खेळ तो शाळेत खेळलेला होता, पण एवढ्या दिव्यांच्या झगमगाटात त्याने तो कधी पाहिला नव्हता. त्या हंगामाचे प्रेक्षक ४३ कोटी ५० लाख सांगितले गेले, म्हणजे आयपीएलच्या खालोखाल. अकरा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवून बारावा हंगाम जिंकला. महाराष्ट्राचा संघ अंतिम फेरीत आणि फरक अवघा तीन गुणांचा. तरी आमगाव-तिरोड्याच्या चौकात त्या दिवसांत बोलणे होते ते धान खरेदी केंद्रे कधी उघडणार याचे. या भागात ‘बोनस’ म्हटले की कोणाला कबड्डीतली बोनस रेषा आठवत नाही, सरकार धानाला देईल तो बोनस आठवतो. पहिल्या दोन-तीन हंगामांत मात्र काही काळ दोन्ही आठवत होते. ओहोटी म्हणतात ती हीच.

शौकीन : चौकातल्या गप्पा हे मोजमाप नव्हे, आणि तसे पाहिले तर ४३ कोटींचा आकडाही नव्हे. टीव्हीच्या धंद्यात ‘पोहोच’ मोजतात. वाहिन्या बदलता बदलता एखादा मिनिटभर थांबला तरी तो पोहोचीत धरला जातो. त्यातून २०१४ साली मोजणी टॅम या संस्थेकडे होती, पुढच्या वर्षापासून ती बार्क या दुसऱ्या संस्थेकडे आली. माप बदलले, नमुना बदलला. २०२३-२४च्या दहाव्या हंगामात पहिल्या नव्वद सामन्यांना २२ कोटी ६० लाख प्रेक्षक मिळाले आणि आधीच्या हंगामापेक्षा ही वाढ सतरा टक्क्यांची आहे, असे प्रक्षेपकाने जाहीर केले. एका आकड्याशेजारी दुसरा ठेवला तर लीग निम्म्यावर आली. आदल्या वर्षाशी ताडून पाहिली तर ती वाढते आहे. दोन्ही आकडे सांगणाऱ्यांच्या सोयीचे आहेत हेही विसरू नये.

शिवाय हे दुखणे एकट्या कबड्डीचे नाही. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगची अंतिम मालिका १९९८ साली, मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सच्या शेवटच्या विजेतेपदावेळी, तिथे सरासरी २ कोटी ९० लाख लोकांनी पाहिली. २०२५ची अंतिम मालिका पाहिली सुमारे १ कोटी ३ लाखांनी. प्रेक्षक जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आले, आणि तरीही त्याच लीगचे पुढच्या अकरा वर्षांचे प्रक्षेपण हक्क ७६ अब्ज डॉलरच्या आसपास विकले गेले. कारण उघड आहे. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आल्यावर एका वेळी, एका ठिकाणी कोटभर माणसे बसलेली जाहिरातदाराला दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. पूर्वीपेक्षा कमी, पण इतरांपेक्षा जास्त, एवढ्यावर बाजार चालतो. प्रो कबड्डीचे पाच हंगामांचे हक्क २०२१ साली ९०८ कोटींना गेले. ओहोटी लागलेल्या मालाला हा भाव कोण देतो?

शंकेखोर : तो भाव दिला स्टारने, आणि लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये ७४ टक्के हिस्सा २०१५पासून स्टारचाच. लिलाव रीतीने झाला असेल. पण घरातल्या माणसाने घरचीच म्हैस विकत घेतली तर त्या किमतीवरून बाजाराचा अंदाज बांधू नये. आणि प्रश्न भावाचा नाहीच. किती जणांनी पाहिले हा एक प्रश्न, किती जणांनी वाट पाहिली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बार्क देते, दुसऱ्याचे कोणी मोजत नाही. खेळाचे आयुष्य मात्र दुसऱ्यावर असते.

गोंदियातल्या माणसाला वाट पाहणे चांगले कळते. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागतात, पाठोपाठ झाडीपट्टीची, म्हणजे याच धानाच्या पट्ट्यातली, नाटके सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. धान चुरून झाले, हातात चार पैसे आले, रात्री थंडी पडली, की कबड्डीचे सामने. हा क्रम पंचांगाइतका पक्का असतो. आता लीगच्या तारखा पाहाव्यात. पहिला हंगाम जुलै-ऑगस्टमध्ये. २०१६ साली एकाच वर्षात दोन हंगाम, एक जानेवारी अखेरीस आणि दुसरा जूनमध्ये. २०१७चा जुलै ते ऑक्टोबर. २०१८चा ऑक्टोबरात सुरू होऊन जानेवारी २०१९मध्ये संपलेला. २०२० साली करोनामुळे काहीच नाही. २०२१चा डिसेंबर ते फेब्रुवारी, २०२३चा डिसेंबर ते मार्च, २०२५चा ऑगस्ट ते ऑक्टोबर. क्रिकेटच्या वेळापत्रकात जिथे फट मिळेल तिथे कबड्डी सारायची, असे हे धोरण. सण दरवर्षी वेगळ्या महिन्यात येऊ लागला तर त्याची तयारी कोण करील?

शौकीन : फट शोधणे हा लीगचा दोष नाही, ती तिची परिस्थिती आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. तो हत्ती अंगणात उभा असताना दुसऱ्याने वाट काढतच चालायचे. आणि गावातल्या सामन्यांचे एवढे गोडवे गाताना २०१४च्या आधीचे दिवसही आठवावेत. कबड्डीपटूचे स्वप्न तेव्हा पोलीस, रेल्वे किंवा बँकेतल्या नोकरीपाशी संपत होते. लीगच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. दहाव्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. कोल्हापूरचा सिद्धार्थ देसाई २०१९ साली १ कोटी ४५ लाखांना गेला. मातीतल्या खेळाला हे दिवस लीगने दाखवले.

खेळही तिने पाहण्याजोगा केला. पूर्वी आघाडीवरचा संघ वेळ काढत बसे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडायचा, निदानरेषा पार करायचा आणि परत यायचा. लीगने चढाईला तीस सेकंदांचे बंधन घातले, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे सक्तीचे केले, नाही तर चढाईपटू बाद. तीन किंवा त्याहून कमी रक्षकांनी पकड केली तर जादा गुण. यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत सामना कुणाचाही राहतो. आज गावातल्या स्पर्धांमध्येही तिसऱ्या चढाईचा नियम लावतात, कारण आता लोकांनाच तो हवासा झाला आहे.

शंकेखोर : त्याच नियमाने पहिल्या दोन चढाया मारल्या. संघांना गणित समजले. पहिल्या दोन चढायांत जोखीम घ्यायची नाही, बोनस रेषेच्या आसपास फिरून परत यायचे आणि तिसऱ्या चढाईला हुकमी खेळाडू पाठवायचा. समोरचा संघही हेच करतो. मग सहा चढायांपैकी दोनच खऱ्या, बाकीच्या वेळ भरून काढायला. चाळीस मिनिटांच्या सामन्यात हे पुन्हा पुन्हा दिसते. घरबसल्या पाहणाऱ्याला शास्त्र कळत नसेल, कंटाळा मात्र कळतो. बास्केटबॉलचेही असेच झाले. १९७९-८० साली एनबीएने तीन गुणांची रेषा आणली तेव्हा प्रत्येक संघ सामन्यामागे सरासरी तीनहून कमी वेळा लांबून टोपली गाठायचा प्रयत्न करी. २०२४-२५ साली हा आकडा साडेसदतीसच्या पुढे गेला. लांबचा फटका जास्त फायद्याचा, हे हिशेब मांडणाऱ्यांनी सिद्ध केले आणि सगळे संघ एकसारखे खेळू लागले. नियम रंगतीसाठी आणायचा, हिशेबनीसांनी त्यातले बरोबर उत्तर शोधायचे, आणि मग सगळ्यांनी तेच उत्तर लिहायचे.

त्यात सामन्यांचा पाऊस. पहिल्या हंगामात आठ संघ आणि साठ सामने होते. २०१७ साली बारा संघ झाले आणि सामने १३८, तेरा आठवडे चाललेले. रोज पुरणपोळी वाढली तर पाहुणाही पानावरून उठतो.

शौकीन : रिकामी चढाई रिकामी दिसते, कारण ती कशासाठी चालली आहे हे कोणी सांगत नाही. उजवा कोपरारक्षक कुठे सरकला, साखळी कधी सुटली, दुसऱ्या चढाईत नेमके कोणाला चुकवले आणि का, हे दाखवले तर ती दोन मिनिटे बुद्धिबळासारखी वाटतील. टीव्हीवरचे समालोचन मात्र प्रत्येक स्पर्शाला सारखेच ओरडते. दोष खेळात आहे त्याहून जास्त तो सांगण्यात आहे. क्रिकेटमधले निर्धाव षटक पाहायला माणसे शिकलीच ना? ते पन्नास वर्षांच्या रेडिओने शिकवले.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. दोघेही ‘प्रेक्षक’ हा शब्द वापरत असले तरी त्यांच्या डोळ्यांसमोरची माणसे वेगवेगळी आहेत. शौकिनापुढे आहे तो खेळ समजून घेणारा, शंकेखोरापुढे आहे तो कुणाच्या तरी बाजूने बसणारा. लीगला दोघेही लागतात. पण दुसऱ्याशिवाय पहिला फार दिवस टिकत नाही, हे मैदानावर गेलेल्या कोणालाही ठाऊक असते.

शंकेखोर : कुणाच्या बाजूने बसायचे, हाच तर मुद्दा. विदर्भाचा संघ लीगमध्ये नाही. वास्तविक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी कबड्डी जगाला दाखवली. इतका जुना या भागाचा संबंध. लीग विदर्भात आली ती ऑगस्ट २०१७मध्ये, नागपुरातल्या मानकापूरच्या क्रीडासंकुलात. गोंदियाहून रेल्वेने सव्वाशे-दीडशे किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परतता येईल इतके. पण ते सामने कुणाचे ‘घरचे’ होते? बंगळुरू बुल्सचे. त्यांना आपल्या शहरात स्टेडियम मिळाले नाही म्हणून त्यांचे घर नागपुरात मांडले गेले. त्याच हंगामात पाटण्याचे घर रांचीत होते. ज्या लीगला कुणाचेही घर कुठेही मांडता येते, तिच्या लेखी ‘घरचा संघ’ या शब्दाला किती वजन असेल?

पुढे ते घरही मोडले. २०२१-२२चा हंगाम करोनामुळे बंगळुरूच्या एका हॉटेलात, रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. ते समजण्यासारखे होते. पण २०२४ साली बारा संघांचे सगळे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच शहरांत झाले. दरम्यान लिलावाने खेळाडू इकडून तिकडे. यू मुंबाचा कर्णधार राहिलेला इराणचा फजल अत्राचली पुण्याकडे गेला. मुंबईला घडवणारा अनुपकुमार शेवटी जयपूरच्या जर्सीत दिसला. गाव नाही, माणूस नाही, मग उरते ती जर्सी, आणि तिच्यावरचा प्रायोजकही बदलतो.

शौकीन : दहाव्या हंगामात लीग पुन्हा बाराही शहरांत फिरली होती, हे सोयीस्करपणे गाळले. आणि स्थानिक संघ नसणे हेच कारण असेल तर आयपीएलमध्ये तरी विदर्भाचा संघ कुठे आहे? गोंदियातली मुले चेन्नईची पिवळी जर्सी घालून फिरतात. चेन्नई त्यांनी नकाशातच पाहिलेले असते. लिलाव तिथेही होतो, खेळाडू तिथेही बदलतात.

शंकेखोर : ती मुले चेन्नईची नाहीत, धोनीची आहेत, आणि धोनी आधी भारताचा होता, मग चेन्नईचा झाला. क्रिकेट लीगला भारताच्या निळ्या जर्सीची पुण्याई आयती मिळते. वर्षभर देशासाठी खेळताना पाहिलेला माणूस दोन महिने कुठल्या तरी शहरासाठी खेळतो. कबड्डीत हे उलटे आहे. लीगमध्ये पाहिलेला खेळाडू देशासाठी खेळताना कधी दिसतो? आशियाई क्रीडा स्पर्धा चार वर्षांनी. २०१६ साली अहमदाबादेत विश्वचषक झाला, भारताने इराणला ३८-२९ असे हरवले, अजय ठाकूर घराघरांत पोहोचला. २०१८ साली जकार्तात त्याच इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवले तेव्हा देश हळहळला. हळहळ ही चांगली खूण होती. तिच्यावर पुढे काही उभे राहिले नाही.

शौकीन : मग आरोपी बदलला. राष्ट्रीय संघाचे सामने भरवणे महासंघाचे काम, आणि महासंघाचा कारभार २०१८पासून बराच काळ न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. लीगने एकटीने किती ओझे उचलायचे?

एक कारण मात्र दोघांच्याही बोलण्यातून सुटले आहे. मधल्या वर्षांत अनेकांनी सामने पाहिले ते मोबाइलवर पैसे लावून काल्पनिक संघ बनवता येत होता म्हणून. असा प्रेक्षक दोन्ही बाजूंचे सात खेळाडू निवडायचा; सामना कोण जिंकतो याच्याशी त्याला घेणे नसायचे, आपला निवडलेला पकड करतो की नाही एवढेच तो बघायचा. ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि आठवडाभरात बारावा हंगाम सुरू झाला. त्यानंतर जो उरला तो खरा प्रेक्षक, असे म्हणता येईल. आकडा लहान होईल, पण स्वच्छ होईल.

शंकेखोर : किंवा असे म्हणता येईल की प्रेक्षकाला संघापासून तोडायचे शिक्षण पैशांच्या त्या खेळाने आधीच पुरे केले होते. खेळ सवय लावून गेला, सवय राहिली.

झाडीपट्टीकडे पाहावे. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या टीव्ही आला तरी बुडाल्या नाहीत, मोबाइल आला तरी नाहीत. रात्रभराचे नाटक, कडाक्याची थंडी, घोंगडी पांघरून बसलेली माणसे. बैलांच्या शर्यतींचे शंकरपट तर न्यायालयाच्या निकालाने २०१४च्या मे महिन्यात बंद पडले; डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि सात वर्षांच्या खंडानंतर शर्यतीच्या दाणीवर गर्दी परतली. यात दर्जा वरचा असतो असे नाही. फरक आहे तो नुकसान कोणाचे, यात. नाटक ठरवते गावातले मंडळ. तिकिटे खपली नाहीत तर खड्डा मंडळाच्या खिशाला. कबड्डीच्या सामन्यांचेही तसेच. पोरे वर्गणी गोळा करतात, मैदानावर चाळलेली माती पसरून पाणी मारतात, रोलर फिरवतात, फक्कीने रेषा आखतात. माईकवरचा माणूस मराठीतून हिंदीत, हिंदीतून पोवारीत जातो आणि मध्येच पुकारतो, पुढच्या पकडीला अमक्याकडून एकशे एक रुपये. तो अमका गर्दीतच उभा असतो आणि नाव पुकारले जाताच सगळे वळून त्याच्याकडे बघतात. इथे प्रेक्षक आला नाही तर सामना बुडतो. लीगमध्ये प्रेक्षक आला नाही तर सामना तितक्याच थाटात होतो, कारण पैसा मुख्यतः हक्कांचा आणि प्रायोजकांचा. आपल्यावाचून काही अडत नाही हे माणसाला लवकर कळते.

शौकीन : एनबीएची स्टेडियमे भरलेली असतात, माणसे महागडी तिकिटे काढून येतात, गावे आपापल्या संघांवर जीव टाकतात, तरी टीव्हीवरचे प्रेक्षक घटले. म्हणजे ‘आपल्यावाचून अडते’ ही भावना असूनही गळती थांबत नाही. उलट झाडीपट्टीचे नाटक दोनशे किलोमीटरपलीकडे कोणी पाहत नाही. गर्दी घट्ट ठेवायची तर ती लहान ठेवावी लागते, मोठी करायची तर ती सैल होते. लीगने मोठी होणे पत्करले. तिला लहान गर्दीची फूटपट्टी लावणे न्यायाचे नाही, आणि तिने लहान गर्दीच्या उबेचे दावे करणेही बरोबर नाही, एवढे मान्य.

पण मोजणीतून सुटलेला एक प्रेक्षक दोन्ही बाजूंनी विचारात घ्यावा. अर्जुनी मोरगाव किंवा सालेकशाच्या एखाद्या गावातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. त्याने लीगचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती पाहून त्याने प्रदीप नरवालची डुबकी उचलली. तीन रक्षकांची साखळी समोर आली की तो तिच्यावर आदळत नाही; गुडघे वाकवतो, डोके खाली घालतो, हातांच्या कमानीखालून सरपटत मध्यरेषेला हात लावतो. शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी, कोपर सोलवटून घेत. बार्कच्या यादीत तो नाही. तिकीट त्याने काढलेले नाही. लीगचे प्रेक्षक मोजताना त्याला धरायचे की सोडायचे?

शंकेखोर : धरावा. पण त्याला विचारून पाहावे, प्रदीप कोणत्या संघाचा.

शौकीन : बंगळुरू, मग पाटणा, मग उत्तर प्रदेश, मग पुन्हा बंगळुरू. त्याने यातले कोणते सांगायचे?